थांबलेला चैत्र: महामारीच्या काळातील तमाशाचा फड आणि बोहाडा

प्रस्तावना

कोविड-१९ च्या महामारीने जगभरातील प्रयोगात्म कलांचा व्यवहार एकाच वेळी ठप्प केला. न्यू यॉर्कमधील ब्रॉडवेची नाट्यगृहे १२ मार्च २०२० रोजी बंद झाली आणि त्यांतील बहुतेकांचे पडदे सप्टेंबर २०२१ पर्यंत उघडले नाहीत. महाराष्ट्रात मार्च २०२० च्या मध्यास साथरोग अधिनियम, १८९७ लागू करण्यात आला. मुंबई-पुण्यातील प्लेगच्या साथीत जन्मलेला हा कायदा सव्वाशे वर्षांनी जत्रा, यात्रा, सभा आणि खेळ यांवर पुन्हा एकदा आला. या काळात समारंभ व मनोरंजन व्यवसायाच्या हानीविषयी मराठीत जे लेखन झाले, त्याचा भर मुख्यतः शहरांवर राहिला. नाट्यगृहांचे भाडे, मंगल कार्यालये, मंडप-सजावट, ध्वनी व प्रकाश व्यवस्था, वाद्यवृंद हे त्याचे विषय होते. ते लेखन आवश्यकच होते. परंतु ज्या प्रदेशात व्यावसायिक नाट्यगृह नाही, तेथे प्रयोग थांबणे म्हणजे नेमके काय झाले, हा प्रश्न त्यातून फारसा पुढे आला नाही.

हा प्रश्न हरसूलसारख्या ठिकाणाहून पाहिला तर त्याचे स्वरूप अधिक स्पष्ट होते. त्र्यंबकेश्वर तालुक्यातील, गुजरातच्या सीमेलगतचे हरसूल हे प्रामुख्याने आदिवासी वस्तीच्या डोंगरपट्ट्यातील गाव आहे. कोकणा, महादेव कोळी, वारली या समाजांची गावे व पाडे त्याच्या आसपास पसरलेले आहेत. या पट्ट्याच्या पूर्वेस नाशिक जिल्ह्याचा सपाटीचा, बागायती भाग लागतो. तेथे चैत्र-वैशाखात ग्रामदैवतांच्या यात्रा भरतात आणि त्या यात्रांत सुपारी देऊन तमाशाचा फड आणला जातो. पश्चिमेस पेठ, सुरगाणा, मोखाडा, जव्हार या दिशेने बोहाड्याचा प्रदेश सुरू होतो. येथे देवादिकांची सोंगे गावकरी स्वतःच नाचवतात. एकाच ऋतूत, एकाच जिल्ह्यात, रात्री उभ्या राहणाऱ्या या दोन प्रयोगरूपांना आपण 'लोककला' या एकाच नावाने ओळखतो. महामारीने या दोहोंना एकाच वेळी थांबवले, पण दोहोंचे थांबणे सारखे नव्हते. त्यांच्या थांबण्यातील फरकाचा विचार करणे आणि त्यावरून लोकरंगभूमीच्या समीक्षेपुढे उभ्या राहणाऱ्या प्रश्नांची मांडणी करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

तीन गुढीपाडवे

तमाशाचे वर्ष सामान्यतः विजयादशमीला सुरू होते आणि बुद्धपौर्णिमेच्या सुमारास संपते. दसऱ्यापासून फड तंबू घेऊन गावोगाव फिरतो व तिकीट लावून खेळ करतो. चैत्र लागला की यात्रांचा हंगाम सुरू होतो आणि तिकिटाची जागा सुपारी घेते. पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यातील नारायणगाव हे या सुपाऱ्यांचे केंद्र होय. 'तमाशापंढरी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या गावात फडमालक राहुट्या उभारून बसतात, गावोगावचे यात्रा समितीचे पंच तेथे येतात, तारखा व रकमा ठरतात. गुढीपाडवा हा या व्यवहाराचा मुख्य दिवस मानला जातो.

२०२० साली गुढीपाडवा २५ मार्च रोजी होता. देशव्यापी टाळेबंदीचा तोच पहिला दिवस होता. २०२१ साली गुढीपाडवा १३ एप्रिलला आला. त्याच दिवशी राज्यात नव्या कडक निर्बंधांची घोषणा झाली व १४ एप्रिलच्या रात्री आठपासून ते लागू झाले. विवाहसोहळ्यासही पुढे २५ माणसे व दोन तास एवढीच मुभा उरली, तेथे यात्रेचा प्रश्नच नव्हता. निर्बंध उठवण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने ३१ मार्च २०२२ रोजी घेतला आणि २ एप्रिल रोजी तिसरा गुढीपाडवा आला. तमाशाच्या दृष्टीने महामारीचा काळ या तीन तिथींमध्ये मोजता येतो. दोन चैत्र सलग गेले.

या योगायोगाला केवळ दुर्दैव म्हणून भागणार नाही. यात्रेचा खेळ तिथीशी बांधलेला असतो, आणि तिथी पुढे ढकलता येत नाही. त्याच काळातील नाशिकचेच एक उदाहरण तुलनेसाठी घेता येईल. ९४ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन २६ ते २८ मार्च २०२१ या काळात नाशिकला भरणार होते. ते स्थगित झाले आणि ३ ते ५ डिसेंबर २०२१ या काळात आडगाव येथे पार पडले. आठ महिन्यांनी भरल्यामुळे संमेलनाचे संमेलनपण कमी झाले नाही. पंढरीच्या वारीचेही रूप बदलून ती टिकवता आली. त्र्यंबकेश्वरच्या निवृत्तिनाथांच्या पादुकांसह मानाच्या पादुका २०२० साली बसने पंढरपुरास गेल्या. संमेलनाला तारीख बदलता आली, वारीला वाहन बदलता आले. चैत्रातील ग्रामदैवताच्या यात्रेचा खेळ मात्र डिसेंबरात करता येत नाही, आणि शंभराच्या पुढे माणसे असलेला फड प्रतीकरूपाने पाचच माणसांनी सादर केला, असेही होत नाही. जी रात्र गेली तिची सुपारी कायमची गेली.

उचल, कर्ज आणि वगाचा आकार

फडाची आर्थिक रचना लक्षात घेतल्याशिवाय या हानीचे खरे स्वरूप कळत नाही. मोठ्या फडात नर्तकी, गायिका, सोंगाड्या, ढोलकीवाला, हार्मोनियमवादक यांच्याबरोबरच तंबू उभारणारे मजूर, वाहनचालक, आचारी, वीजकामगार अशी माणसे असतात. हंगामापूर्वी फडमालक कलावंतांना 'उचल' देतो. ही आगाऊ रक्कम म्हणजे पुढील हंगामाच्या कामाची बांधिलकी असते. उचलीसाठी लागणारा पैसा मालकाकडे नसतो. तो बहुधा सावकाराकडून चढ्या व्याजाने येतो. दसऱ्यापासून फाल्गुनापर्यंतचे तिकिटाचे उत्पन्न दैनंदिन खर्चात जाते आणि कर्जफेडीची सारी भिस्त चैत्र-वैशाखातील सुपाऱ्यांवर असते. सावकार, मालक आणि कलावंत अशी ही साखळी यात्रेच्या एका महिन्यावर तोललेली आहे.

मार्च २०२० मध्ये हा तोल नेमक्या त्याच बिंदूवर गेला. खर्चाचे सहा महिने होऊन गेले होते आणि उत्पन्नाचा महिना आलाच नाही. मालकावर सावकाराचे देणे राहिले, कलावंतावर मालकाची उचल राहिली. बंद नाट्यगृह बंद अवस्थेतही इमारत म्हणून शिल्लक राहते. फड थांबला की त्याची माणसे पांगतात, वाहने उभ्या जागी गंजतात आणि कनाती कुजतात. फड ही चालत राहण्यातूनच अस्तित्वात असणारी संस्था आहे.

आता समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा असा की, ही आर्थिक रचना प्रयोगाच्या आकारात उतरलेली असते. गण, गौळण, बतावणी, रंगबाजी आणि वग या क्रमाने तमाशाचा खेळ चालतो, हे सर्वांना परिचित आहे. आपल्या अभ्यासक्रमांत या क्रमाचे वर्णन एखाद्या स्थिर साहित्यप्रकाराच्या घटकांप्रमाणे केले जाते. प्रत्यक्षात या घटकांचे परस्परप्रमाण बाहेरील दाबांनुसार सतत बदलत आले आहे. १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई सरकारने तमाशावर बंधने आणली. त्या पार्श्वभूमीवर 'लोकनाट्य' हे नाव रूढ होत गेले आणि अण्णा भाऊ साठे, अमर शेख यांच्या कलापथकांनी त्याला वेगळा आशय दिला. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकावर मर्यादा आल्या, तेव्हा पहाटेपर्यंत चालणाऱ्या वगाचा संकोच झाला. म्हणजे तमाशाच्या रूपाचा इतिहास हा काही अंशी त्याच्यावर आलेल्या बंधनांचा इतिहास आहे. महामारी हे या मालिकेतील सर्वांत मोठे बंधन होय.

या बंधनाचा परिणाम वगावर अधिक आणि रंगबाजीवर कमी होणे स्वाभाविक आहे. वग हा एकत्र मुरलेल्या संचाचा खेळ आहे. त्याची संहिता अनेकदा पूर्णपणे लिहिलेली नसते. राजा कोठे थांबेल, सोंगाड्या कोठे शब्द पकडेल, ढोलकी कोठे संवाद तोडेल, हे हंगामभर एकत्र खेळल्याने अंगवळणी पडते. दोन वर्षांत ज्यांनी मजुरी, भाजीविक्री वा अन्य कामे पत्करली, त्यांतील सर्वजण पुन्हा त्याच फडात परतले नाहीत, तर त्यांच्या जागी आलेल्या नव्या माणसांना वगाची ही देवाणघेवाण लगेच साधत नाही. याउलट चित्रपटगीतांवरील नृत्ये थोड्या दिवसांच्या तालमीत, नव्याने जमवलेल्या संचाकडूनही होऊ शकतात. कर्जात बुडालेला मालक आणि दोन वर्षांनी खेळ पाहणारा प्रेक्षक यांचा कल कोणत्या बाजूला झुकेल, हे सांगणे कठीण नाही. तेव्हा 'वग संपत चालला' अशी हळहळ व्यक्त करताना प्रेक्षकांच्या अभिरुचीला दोष देण्यापूर्वी संच टिकवण्याचा खर्च कोण देतो, हे समीक्षकाने विचारले पाहिजे.

या काळातील मनुष्यहानीचा उल्लेख येथे अपरिहार्य आहे. ज्येष्ठ तमाशा कलावंत कांताबाई सातारकर यांचे २५ मे २०२१ रोजी संगमनेर येथे कोरोनाने निधन झाले. तुकाराम खेडकर यांच्यासमवेत फड गाजवणाऱ्या आणि पुढे स्वतः फड सांभाळणाऱ्या या कलावतीच्या जाण्याने वगाच्या एका संपूर्ण घराण्याची आठवण निमाली. अशा कलावंतांच्या गळ्यात आणि हालचालीत जी संहिता असते, तिची दुसरी प्रत नसते.

बोहाडा: थांबू शकणारी आणि तरीही झिजणारी कला

बोहाडा हे याहून सर्वस्वी निराळ्या पायावर उभे असलेले प्रयोगरूप आहे. होळीनंतर, फाल्गुनापासून वैशाखापर्यंत, गावोगावच्या परंपरेनुसार ठरलेल्या दिवसांत तो होतो. गणपती आणि सरस्वती यांच्या सोंगांनी आरंभ होतो. राम, रावण, नरसिंह, भीम अशी पुराणांतील व महाकाव्यांतील पात्रे मुखवटे चढवून एकामागून एक येतात. संबळ आणि पिपाणीच्या तालावर, पूर्वी टेंभ्यांच्या व आता विजेच्या उजेडात, ती नाचत गावातून फिरतात. शेवटी देवी आणि महिषासुर यांचे युद्ध होते. मुखवटे लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे असून जव्हार परिसरातील कारागिरांची त्यासाठी ख्याती आहे. विशिष्ट सोंग विशिष्ट घराकडे असते. त्या घराने मुखवटा जपायचा, रंगवून घ्यायचा, त्याची पूजा करायची आणि घरातील पुरुषाने तो नाचवायचा, असा हा मान असतो. स्त्रीपात्रांची सोंगेही पुरुषच घेतात. तिकीट नाही, सुपारी नाही. खर्च वर्गणीतून होतो. नाचणारे शेतकरी वा शेतमजूर असतात. त्यांतील अनेक कुटुंबे हिवाळ्यात दिंडोरी, निफाड, नाशिक या भागांत द्राक्षबागांच्या कामास गेलेली असतात व शिमग्याला गावी परततात. बोहाड्याचा ऋतू या परतण्याच्या ऋतूशी जुळलेला आहे.

२०२० साली होळी ९ मार्चला होती. ज्या गावांची तिथी होळीला लागून होती त्यांना काही अवधी मिळाला. ज्यांची तिथी चैत्र-वैशाखात होती त्यांच्यावर टाळेबंदी आली. बोहाड्याला यामुळे कर्ज झाले नाही. मुखवटे घरातच राहिले. ज्याचा चरितार्थ सोंगावर नाही, त्याला सोंग न घेतल्याने उपासमार येत नाही. केवळ जमाखर्चाच्या दृष्टीने पाहणाऱ्याला येथे काहीच हानी झालेली दिसणार नाही, आणि समारंभ व्यवसायाच्या हानीच्या कोणत्याही हिशेबात बोहाड्याचा रकाना सापडणार नाही.

तथापि हानी झाली, ती हस्तांतरणात. कोणत्या सोंगाला संबळाचा कोणता ठेका, सोंगाने कोणत्या पावलांनी यावे, जड मुखवट्याखाली श्वास कसा सांभाळावा, हे कोठे लिहिलेले नाही आणि त्यासाठी वेगळ्या तालमीही होत नाहीत. प्रयोग हीच शाळा. थोरला नाचत असताना धाकटा बाजूने चालतो, मुखवटा बांधतो, सोडतो, आणि एका वर्षी स्वतः मुखवट्याखाली जातो. दोन वर्षांचा खंड म्हणजे शिकण्याच्या वयातील एका तुकडीची दोन वर्षे. त्याच काळात जाणती माणसे गेली असतील, तर काही ठेके त्यांच्याबरोबर गेले. शिवाय हातात भ्रमणध्वनी आलेल्या आणि कामासाठी शहराकडे ओढल्या जाणाऱ्या पिढीला, 'या वर्षी बोहाडा नाही' ही गोष्टही शक्य असते, हे प्रथमच प्रत्यक्ष अनुभवास आले. एखादी प्रथा अखंड असल्याने जी अपरिहार्यता तिच्या अंगी येते, ती एकदा खंडित झाली की पुढच्या वेळी टाळणे सोपे जाते.

आणखी एक विसंगती ध्यानात घेण्यासारखी आहे. अशा ग्रामोत्सवांमागे गावाचे क्षेम, पीकपाणी आणि रोगराईपासून संरक्षण ही भावना असते. पटकी-देवीच्या साथींशी मरीआईचे नाते महाराष्ट्रभर प्रसिद्ध आहे. साथ आली की देवीकडे वळणे, हा जुना क्रम होता. २०२० मध्ये साथ आली म्हणून देवीचा उत्सव थांबवावा लागला. सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने ते योग्यच होते आणि त्याविषयी दुमत असू नये. परंतु प्रयोगाचा अर्थ समजून घेणाऱ्या अभ्यासकाने नोंद घ्यावी अशी ही घटना आहे. ज्या कृतीने भय दूर व्हावे तीच कृती भयाचे कारण ठरली. या अनुभवातून गेलेला बोहाडा पुन्हा उभा राहताना त्याच्याकडे पाहण्याची गावाची दृष्टी काही प्रमाणात बदललेली असणार.

मदतीची परिभाषा

कला संकटात असताना शासन तिला कसे ओळखते, हे मदतीच्या स्वरूपावरून कळते. ब्रिटनने जुलै २०२० मध्ये संस्कृतिक्षेत्रासाठी १.५७ अब्ज पौंडांचा निधी जाहीर केला. अमेरिकेत बंद पडलेल्या रंगमंच-स्थळांसाठी स्वतंत्र अनुदान योजना झाली व तिची रक्कम १६ अब्ज डॉलरच्या घरात गेली. या दुसऱ्या योजनेचे मुख्य एकक स्थळ हे होते. जेथे प्रेक्षक बसतो ती जागा वाचवली की कला वाचते, असे तिचे गृहीतक होते.

महाराष्ट्रात ऑगस्ट २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने एकरकमी दिलासा देण्याचे ठरवले. सुमारे ५६,००० कलावंतांना प्रत्येकी ५,००० रुपये असे त्याचे स्वरूप होते. त्याला जोडून संस्था व फडमालक यांच्यासाठीही काही तरतूद होती. ही मदत मिळाली याचे मोल आहेच. परंतु टाळेबंदीपासून या निर्णयापर्यंत गेलेल्या सतरा महिन्यांवर ही रक्कम विभागली, तर ती महिना ३०० रुपयेही भरत नाही. रकमेपेक्षाही महत्त्वाचा प्रश्न एककाचा आहे. या मदतीत कलेचे मुख्य एकक 'एकल कलावंत' हे होते. तमाशाचे एकक मात्र फड आहे. पन्नास कलावंतांना वेगवेगळी मदत दिल्याने पन्नास घरांची चूल काही दिवस पेटते. फड उभा राहण्यासाठी हंगामाच्या आरंभी कमी व्याजाचे भांडवल लागते. ज्येष्ठ साहित्यिक व कलावंतांच्या मानधनाचेही तसेच आहे. २०२४ मध्ये ते सरसकट दरमहा ५,००० रुपये झाले, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. पण ते वार्धक्याचे साहाय्य आहे, चालत्या कलेचे नव्हे.

बोहाडा तर या परिभाषेच्या पूर्णपणे बाहेर राहतो. ज्याची उपजीविका कलेवर नाही तो या व्याख्येत कलावंत ठरत नाही. त्याला रोख मदत हवी असेही नाही. त्याच्या कलेला हवी आहे ती शिकण्या-शिकवण्याची संधी आणि तिची साक्षेपी नोंद. स्थळ, व्यक्ती, फड आणि गाव ही चार वेगवेगळी एकके आहेत. 'लोककला' या ढोबळ संज्ञेत ती एकत्र कोंबली की मदतही ढोबळ होते.

पडद्यावरचा खेळ

टाळेबंदीत प्रयोगांना पर्याय म्हणून दूरस्थ सादरीकरणाचा पुरस्कार झाला. गायन, कथाकथन, काही प्रमाणात नाटक यांना त्याचा उपयोग झाला. तमाशाच्या बाबतीत मात्र हा पर्याय मुळातच अपुरा होता. बतावणीतील विनोद त्या गावच्या सरपंचावर, तेथल्या पाण्यावर, समोर बसलेल्या एखाद्या फेटेवाल्यावर बेतलेला असतो. प्रेक्षकाच्या उत्तराशिवाय सोंगाड्याचे वाक्य अर्धेच राहते. चित्रित तमाशा पाहता येतो, पण त्यात तमाशा घडत नाही. बोहाड्यात तर प्रेक्षक आणि नट ही विभागणीच पक्की नसते. आज सोंग पाहणारा उद्या सोंग घेणार असतो. त्यामुळे चित्रफीत नोंदीसाठी मोलाची असली तरी प्रयोगाची जागा ती घेऊ शकत नाही.

पूर्वपदावर येण्याचा प्रश्न

२०२२ च्या चैत्रात यात्रा पुन्हा भरल्या. 'जनजीवन पूर्वपदावर' हा शब्दप्रयोग त्या काळात सर्वत्र वापरला गेला. तमाशाच्या बाबतीत हे पूर्वपद कोणते, याचा विचार व्हायला हवा. उचल ही कलावंताला हंगामाआधी आधार देते, तशीच ती त्याला बांधूनही ठेवते. फेडता न आलेली उचल पुढच्या हंगामात वाहून जाते. या व्यवहाराचा सर्वाधिक भार स्त्री कलावंतांवर पडतो, आणि या स्त्रिया बहुसंख्येने दलित व भटक्या-विमुक्त समाजांतून आलेल्या आहेत. शर्मिला रेगे यांनी लावणी कलावतींच्या अभ्यासातून आणि शैलजा पाईक यांनी २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथातून तमाशा, जात आणि लैंगिकता यांचे नाते सविस्तर मांडले आहे. ही चर्चा समाजशास्त्र आणि इतिहास या विद्याशाखांत पुढे गेली. मराठी वाङ्मयसमीक्षेत मात्र वगाची रचना आणि लावणीचे सौंदर्य यांच्या विवेचनात कलावंताचे श्रम बऱ्याचदा पार्श्वभूमीतच राहिले. महामारीने ही पार्श्वभूमी पुढे आणली. त्यामुळे फड जगला पाहिजे असे म्हणताना, तो जुन्याच कर्जसाखळीवर जगावा असे आपल्याला म्हणायचे आहे काय, याचे उत्तर द्यावे लागेल.

दुसरी बाब यात्रेच्या वर्गणीची. सर्वोच्च न्यायालयाने १६ डिसेंबर २०२१ रोजी महाराष्ट्रात बैलगाडा शर्यतींना परवानगी दिली. म्हणजे यात्रा पुन्हा सुरू झाल्या तेव्हा गावाच्या उत्साहाला आणि वर्गणीला एक जुनाच पण बराच काळ बंद असलेला वाटेकरी परत मिळाला होता. शर्यत, वाद्यवृंद, नृत्याचे कार्यक्रम आणि तमाशा यांच्यात पंचांनी निवड करायची असते. गावाने कोणाला सुपारी द्यावी हे समीक्षकाने ठरवायचे नाही. मात्र त्या निवडीत वगाला स्थान मिळायचे तर वगाचे श्रोते घडवावे लागतील, आणि हे काम शिक्षणसंस्थांच्या कक्षेत येते.

समारोप

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष हाती येतात.

१) 'थांबू शकणे' हा प्रत्येक प्रयोगरूपाचा अंगभूत गुणधर्म मानून त्याचा अभ्यास व्हावा. संमेलनाला थांबता येते, बोहाड्याला काही काळ थांबता येते, फडाला थांबता येत नाही. हा फरक त्या त्या रूपाच्या तिथीशी, भांडवलाशी आणि माणसांशी असलेल्या नात्यातून येतो.

२) तमाशाच्या समीक्षेत उचल, सुपारी आणि संच यांचा विचार रूपविचाराचाच भाग म्हणून करावा. वगाचा संकोच हा अभिरुचीइतकाच अर्थरचनेचा परिणाम आहे.

३) बोहाड्यासारख्या बिनव्यावसायिक कलांची हानी पैशांत मोजता येत नाही, म्हणून ती शून्य मानली जाऊ नये. तेथील हानी शिकण्याच्या खंडित वर्षांत मोजावी लागेल.

४) मदतीचे एकक कलेच्या स्वरूपानुसार ठरावे. फडाला हंगामापूर्वीचे अल्पव्याजी भांडवल, वृद्ध कलावंताला मानधन आणि गावाच्या कलेला नोंदीचे व हस्तांतरणाचे साहाय्य अशी विभागणी अधिक न्याय्य ठरेल.

यांतील अखेरच्या कामात ग्रामीण व आदिवासी भागातील महाविद्यालयांचा वाटा मोठा असू शकतो. बोहाड्याच्या प्रदेशातील महाविद्यालयांत शिकणारे अनेक विद्यार्थी अशा घरांतून येतात, जेथे एखादे सोंग पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. कोणत्या गावात कोणती सोंगे आहेत, ती कोणत्या क्रमाने निघतात, कोणत्या सोंगाचा ठेका कोणाला येतो, कोणते सोंग २०२० नंतर निघालेलेच नाही, याची गाववार नोंद मराठी विभाग आणि राष्ट्रीय सेवा योजना यांना मिळून करता येईल. ती करताना सोंगाचा मान ज्या घराचा त्या घराची संमती घेणे आणि नोंदीची प्रत गावात ठेवणे आवश्यक आहे. पूर्वेकडील यात्रांच्या गावांत खेळल्या जाणाऱ्या वगांचीही अशीच नोंद, संहितेबरोबर संचाची आणि खर्चाची माहिती घेऊन, होऊ शकेल. पुढची साथ कधी येईल हे कोणाच्या हाती नाही. ती येईल तेव्हा कोणती कला किती काळ थांबू शकते आणि तिला तोवर काय लागते, एवढे तरी आपल्याला ठाऊक असले पाहिजे.